हंगाम तोंडावर: होडीचे पडदे बदलताय? मग आतून एका ओढीत सुटतील असेच शिवून घ्या

मालवण, वेंगुर्ले, देवगड : मासेमारीची बंदी ३१ जुलैला संपते. प्रवासी आणि पर्यटन होड्यांची पावसाळी बंदी साधारण २६ मे ते ३१ ऑगस्ट अशी असते. म्हणजे ऑगस्ट महिना हा किनाऱ्यावर डागडुजीचा महिना. कुठे इंजिन उघडलेलं, कुठे रंगाचा हात चाललेला, कुठे फळ्यांच्या सांध्यात भरणी चाललेली. याच कामात एक काम दरवर्षी शेवटी उरतं आणि घाईत उरकलं जातं. ते म्हणजे होडीच्या टपाची ताडपत्री आणि बाजूचे पारदर्शक पडदे बदलण्याचं.

पडदा फाटला तर नवा लावायचा, त्यात बातमी ती काय, असं कुणीही विचारेल. पण जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारसा यादीत घेतलं. त्यात आपल्या जिल्ह्यातले सिंधुदुर्ग आणि विजयदुर्ग हे दोन्ही आहेत. सिंधुदुर्ग किल्ला पाण्यात, तिथे होडीशिवाय जाता येत नाही. खाडीसफर, डॉल्फिन दाखवणाऱ्या फेऱ्या, स्कुबाच्या होड्या वेगळ्याच. गिऱ्हाईक वाढलं की त्याच्या सोयीसाठी टप मोठा होतो आणि ऊन, पाऊस, पाण्याचे शिंतोडे लागू नयेत म्हणून बाजू बंद होतात. नेमका इथेच धोका तयार होतो. पावसापासून राखणारा पडदा होडी कलंडली तर माणसाला आत कोंडूही शकतो.

पडदा खराब झाला हे ओळखायचं कसं?

आपल्याकडे ज्याला सरसकट 'कागद' किंवा 'काचेसारखं प्लॅस्टिक' म्हणतात ती मऊ पीव्हीसीची शीट असते. रिक्षाला पावसाळ्यात लावतात तीच जात. पीव्हीसी मुळात कडक असतं. त्यात एक तेलकट रसायन मिसळून ते मऊ करतात. ऊन लागत गेलं की हे रसायन हळूहळू निघून जातं. मग शीट पिवळी पडते, आखडते, कडक होते आणि शेवटी तडकते. शेतकऱ्याला हे वेगळं सांगायला नको. पॉलीहाऊसचा कागद उन्हाला टिकणारा नसेल तर त्याचं काय होतं, ते त्याने बघितलेलं असतं.

नवा पडदा घेण्याआधी चार गोष्टी तपासाव्या.

पहिली, नजर. संध्याकाळी सूर्य समोर असताना सुकाणूच्या जागी बसून पडद्यातून जेटीकडे बघा. जेटीवरचा माणूस उभा आहे की बसला आहे हे कळत नसेल, तर तो पडदा सुकाणूसमोरून काढायच्या लायकीचा झाला.

दुसरी, घडी. शीटचा कोपरा अंगठ्याने हलकेच वाकवा. पांढरी रेघ उमटून राहिली किंवा कट् असा आवाज आला, तर आतला मऊपणा संपला. अशी शीट वाऱ्यात आडवी फाटते आणि तिची कड हात कापते.

तिसरी, शिवण. टाक्यातला दोरा नखाने ओढा. भुगा होऊन हातात आला तर दोरा गेला. बऱ्याचदा कापड चांगलं असतं आणि दोराच आधी जातो. अशा वेळी सगळा पडदा टाकायची गरज नाही, फक्त पुन्हा शिवून घ्या. निम्म्याहून जास्त खर्च वाचू शकतो.

चौथी, चेन आणि बटणं. खाऱ्या हवेत लोखंडी आयलेट गंजतं आणि भोवतालचं कापड खातं. धातूची चेन मिठाने जाम होते. शांत हवेत, दोन्ही हातांनी आणि पक्कड घेऊन उघडावी लागणारी चेन अडचणीच्या वेळी उघडणार नाही.

स्वस्त ताडपत्री खरोखर स्वस्त आहे का?

बाजारात टपासाठी साधारण तीन प्रकारचं कापड मिळतं. एक, निळी किंवा पिवळी विणलेली प्लॅस्टिकची ताडपत्री, भाताच्या खळ्यावर अंथरतो ती. ती हलकी आणि स्वस्त, पण उन्हात तिचे धागे सुटतात आणि त्याचा चुरा पाण्यात जातो. दोन, पॉलिस्टरच्या कापडावर पीव्हीसीचा लेप दिलेली जाड ताडपत्री, ट्रकवर असते ती. जड असते, पाणी आत येऊ देत नाही आणि बरीच टिकते. तीन, सुती कॅनव्हास. हवा खेळती राहते, पण ओलं गुंडाळून ठेवलं की बुरशी धरतं आणि कुजतं.

पारदर्शक शीट जाडीवर घेतात. साधारण अर्धा मिलिमीटर, पाऊण मिलिमीटर आणि एक मिलिमीटर अशा जाडीत ती मिळते. शेततळ्याला ५०० मायक्रॉनचा कागद घालतात, तो म्हणजे अर्धा मिलिमीटर, त्यावरून अंदाज येईल. जाड शीट कमी फडफडते, पण लवकर गुंडाळत नाही. ज्या बाजूने माणसं चढतात-उतरतात तिथे फार जाड शीट घालू नये. दुकानात 'उन्हाला टिकणारी आहे का' हे विचारूनच घ्यावी. टेबलावर घालायच्या कव्हरची शीट दिसायला तशीच असते, पण ती घरात वापरायची असते, समुद्रावर नाही.

आता हिशोब. समजा, हलक्या मालाचा पडदा शिलाईसकट ६ हजारांत झाला आणि एक हंगाम टिकला. चार हंगामांत चार वेळा केला तर २४ हजार झाले. शिवाय दरवर्षी होडी दोन-तीन दिवस अडकली ती वेगळीच. चांगल्या मालाचा पडदा १५ हजारांत झाला आणि चार हंगाम गेला, तर ९ हजार वाचले. दर दुकानागणिक बदलतात, त्यामुळे आकडे प्रत्येकाने आपापले घालावेत, पण हिशोब हंगामाप्रमाणे करावा. बिलाचा आकडा पाहून घेतलेली वस्तू किती महाग पडते, हे ठिबकची नळी घेणाऱ्यालाही माहीत आहे.

शिवणाऱ्याला काय सांगायचं?

आपल्या भागात होड्यांचे पडदे वेगळे शिवणारे फार नाहीत. रिक्षा-जीपचं हूड आणि गाड्यांची सीट शिवणारेच हे काम करतात. त्यांचा हात चांगला असतो, पण समुद्राचं खारं वारं वेगळं. म्हणून काही गोष्टी आधीच सांगून ठेवाव्या.

टाका बारीक नको, चार ते पाच मिलिमीटरचा हवा. पारदर्शक शीटवर बारीक आणि जवळ जवळ टाके घातले तर ती पावतीपुस्तकाच्या फाडायच्या रेघेसारखी होते आणि पहिल्या जोराच्या वाऱ्यात तिथूनच फाटते. शीटच्या कडेला दोन्ही बाजूंनी कापडाची पट्टी घेऊन दुहेरी शिवण मारावी. दोरा उन्हाला टिकणारा पॉलिस्टरचा असावा. सुती दोरा कुजतो. चेन धातूची नको, जाड दातांची प्लॅस्टिकची हवी. आयलेट आणि बटणं पितळेची किंवा चांगल्या स्टेनलेस स्टीलची घ्यावीत.

माप घेताना एक चूक हमखास होते. जुना पडदा जमिनीवर अंथरून त्याच मापाने नवा कापतात. पण जुना पडदा उन्हाने आखडलेला असतो, काही ठिकाणी ताणलेला असतो. त्यावरून कापलेला नवा पडदा एकीकडे ओढतो आणि दुसरीकडे झोळ देतो. होडी सपाट उभी करून, टपाचे पाइप घट्ट करून, माप होडीवरच घ्यावं. शीट गरम हवेत सैल होते आणि गारव्यात आखडते. म्हणून भर दुपारी ताणून बसवलेला पडदा पहाटे बटणांवर ओढ देतो.

आणखी एक. पाइप उन्हात तापतो आणि शीट त्याला टेकते तिथे तपकिरी डाग पडून ती जळाल्यासारखी होते. पाइपावर कापडाची खोळ चढवली की हे टळतं. खर्च नगण्य आहे.

वाऱ्याचा हिशोब: कापड नव्हे, ते शीडच

आता मुख्य मुद्दा. बाजू बंद केलेली होडी ही शीड उभारलेल्या होडीसारखी असते. फरक एवढाच की शीड वाऱ्याला धरण्यासाठी असतं आणि तांडेल ते सोडू शकतो. पडदा मात्र चारी बाजूंनी बांधलेला असतो.

वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब दुप्पट होत नाही, चौपट होतो. ताशी ३६ किलोमीटरच्या वाऱ्याचा दाब एका चौरस मीटरवर सुमारे ६ किलो वजनाएवढा असतो. तोच वारा ताशी ७२ किलोमीटरचा झाला की सुमारे २५ किलो. आता एका बाजूचा पडदा ६ मीटर लांब आणि दीड मीटर उंच धरा, म्हणजे ९ चौरस मीटर. पहिल्या वाऱ्यात त्यावर साधारण ५५ किलोचा रेटा येतो, म्हणजे भाताचं एक पोतं. दुसऱ्या वाऱ्यात सव्वादोनशे किलो, म्हणजे साडेचार पोती. आणि हा रेटा होडीच्या तळाशी येत नाही, माणसांच्या डोक्याच्या उंचीला येतो. त्यातच घाबरलेली माणसं एका बाजूला धावली, तर पुढचं सांगायला नको.

वारा सांगून येत नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या परतीच्या पावसात दुपारनंतर गडगडाटासह येणारा वारा काही मिनिटांत उठतो. मे महिन्यातही तसंच. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीत स्कुबाहून परतणारी होडी उलटून दोन पर्यटक दगावले. २१ मे २०२४ रोजी उजनी जलाशयात कुगाव-कळाशी दरम्यान वादळी वाऱ्यात होडी उलटून सहा जणांचा जीव गेला. या दोन्ही घटनांचा पडद्याशी संबंध होता असं नाही. पण पाणी खवळलं की तयारीला किती थोडा वेळ मिळतो, हे त्यांनी दाखवून दिलं. बांधलेला पडदा सोडायला पाच मिनिटं लागत असतील, तर ती पाच मिनिटं मिळणार नाहीत.

अमेरिकेतल्या दोन दुर्घटना काय सांगतात?

पडद्यात आणि टपात माणसं अडकण्याचा सर्वात बारकाईने तपास अमेरिकेत झाला आहे. तिथे जमिनीवर आणि पाण्यात दोन्हीकडे चालणाऱ्या पर्यटक गाड्या आहेत, त्यांना 'डक बोट' म्हणतात. त्यांना वर टप आणि बाजूला पारदर्शक प्लॅस्टिकचे पडदे असायचे. आपल्याकडच्या पर्यटन होडीची रचना डोळ्यांसमोर आणली की झालं.

१ मे १९९९ रोजी आर्कान्सा राज्यातल्या हॅमिल्टन तलावात अशी एक बोट बुडाली आणि १३ जणांचा मृत्यू झाला. तपास यंत्रणेने स्पष्ट लिहिलं की टपामुळे लोकांना बाहेर पडता आलं नाही. त्यात एक बाब विचार करायला लावणारी होती. पाण्यात माणसाचं शरीर वर येतं आणि वर टप असेल तर ते टपाला जाऊन चिकटतं. लाइफ जॅकेट घातलेलं असेल तर आणखीच जोराने. म्हणजे उघड्या पाण्यात जीव वाचवणारं जॅकेट बंद टपाखाली माणसाला दाबून ठेवू शकतं.

याचा अर्थ जॅकेट घालू नये असा अजिबात नाही. जॅकेट घालायचंच. पण जॅकेट घातल्यावर बाहेर पडायची वाट मोकळी पाहिजे.

तपास यंत्रणेने तेव्हाच सावध केलं होतं. तरी टप राहिले, पडदेही राहिले. १९ जुलै २०१८ रोजी मिसुरी राज्यातल्या टेबल रॉक तलावात दुसरी डक बोट वादळात सापडली. वाऱ्याचे झोत ताशी ११० किलोमीटरच्या वर होते. हवामान खात्याचा इशारा आधीच आला होता. बोटीत ३१ माणसं होती, त्यातली १७ दगावली. बाजूचे पारदर्शक पडदे खाली सोडलेले होते आणि टप पक्का होता, त्यामुळे सुटकेला अडथळा झाला, असा निष्कर्ष निघाला. अखेर २०२२ च्या शेवटी अमेरिकेच्या संसदेने कायदा करून अशा बोटींचे टप आणि पडदे काढायला लावले.

पहिल्या इशाऱ्यापासून कायद्यापर्यंत २० हून जास्त वर्षं गेली. तोवर आणखी १७ माणसं गेली होती. आपल्याकडे टप काढून टाका असं सांगणं व्यवहाराला धरून नाही. कोकणातल्या उन्हात आणि पावसात आडोसा लागतोच. पण आडोसा आणि कोंडवाडा यातला फरक शिवणीच्या वेळीच ठरवता येतो, आणि त्याला खर्चही फार नाही.

पडदा कसा असावा?

एक लांबलचक पडदा नको. प्रत्येक बाकापुढे एक, असे तुकडे करावेत. म्हणजे एक अडकला तरी दुसऱ्यातून बाहेर पडता येतं, आणि एखादा फाटला तर तेवढाच बदलता येतो. यात पैसेही वाचतात.

पडद्याची खालची कड होडीला बांधू नये. नायलॉनची दोरी, गाठी, तार, प्लॅस्टिकचे टाय यातलं काहीच नको. ओल्या दोरीची गाठ कोरड्या हातालाही सुटत नाही. खाली टिच बटणं किंवा चिकटपट्टी लावावी, म्हणजे आतून हाताने ढकललं तरी सुटेल. पडदा फडफडू नये म्हणून रबराची ताणदोरी चालते, पण तीही आकड्यातून सहज निघणारी हवी.

प्रत्येक तुकड्याला आतल्या बाजूला लाल पट्टी शिवावी आणि तिच्यावर 'ओढा' असं मराठी आणि हिंदीत लिहावं. पर्यटक कोल्हापूरचा असो की दिल्लीचा, त्याला कळलं पाहिजे. लहान मुलाच्या हाताला पोचेल एवढ्या उंचीवर ती असावी.

बाहेरूनही पडदा सुटला पाहिजे, कारण मदतीला येणारा बाहेरूनच येतो.

सुकाणूसमोर शक्यतो पडदाच नको. लागलाच तर वर गुंडाळता येणारा हवा. समुद्रात टक्कर टाळण्याचे १९७२ चे आंतरराष्ट्रीय नियम आहेत. त्यातला पाचवा नियम सांगतो की पहारा नजरेने आणि कानानेही ठेवायचा. पिवळ्या पडद्यातून दिसत नाही आणि चारी बाजू बंद असल्या की दुसऱ्या होडीचा आवाजही नीट येत नाही. रात्री तर आतला दिवा शीटवर चमकतो आणि बाहेरचं सगळं काळं होतं.

धुराचाही विचार करावा. पुढची बाजू बंद आणि मागची उघडी असली की चालत्या होडीत इंजिनाचा धूर मागून आत ओढला जातो. पेट्रोल इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड जास्त असतो, त्याला वास नसतो. डोकं जड होणं, मळमळणं याला लोक 'बोट लागली' समजतात. पुढून थोडी हवा येत राहील अशी फट ठेवावी. मासेमारीच्या होड्यांवर जिथे गॅसवर जेवण होतं, तिथे केबिनचा पडदा शेगडीपासून लांब ठेवावा. पेटलेली प्लॅस्टिकची ताडपत्री वितळून अंगावर पडते.

टपच वाढवायचा असेल, उंच करायचा असेल, तर गोष्ट वेगळी होते. होडीचा तोल बदलतो. आधी सर्वेक्षकाला विचारावं आणि मगच पाइप कापावा.

कोणी काय करायचं?

परवाना आणि सर्वेक्षणाचा विषय निघाला की चर्चा होते ती प्रवासी संख्येची, इंजिनाची आणि लाइफ जॅकेटची. ते बरोबरच आहे. ७ मे २०२३ रोजी केरळात तानूरला क्षमतेपेक्षा जास्त माणसं घेतलेली होडी उलटून २२ जण गेले, त्यात बरीच लहान मुलं होती. पण जॅकेट मोजताना पडदाही ओढून बघायला अर्धा मिनिट लागतो. महाराष्ट्र मेरीटाइम बोर्डाच्या बंदर कार्यालयांनी हंगामाआधीच्या तपासणीत ही एक साधी चाचणी घालावी. सगळे पडदे खाली सोडायचे, बाकांवर माणसं बसवायची आणि आतून सगळे पडदे सुटायला किती वेळ लागतो ते बघायचं. दहा सेकंदांत सुटले नाहीत तर पडदे काढून होडी चालवायची. यासाठी नवा कायदा लागत नाही आणि निधीही लागत नाही.

होडीवाल्यांच्या संस्थांनाही हे परवडणारं आहे. दहा होड्यांचा माल एकदम घेतला, एकाच कारागिराकडून एकाच नमुन्यात शिवला, तर दरात सूट मागता येते. सगळ्या होड्यांचे पडदे एकाच पद्धतीने सुटत असतील तर खलाशी कुठल्याही होडीवर गेला तरी त्याचा हात बरोबर तिथेच जाईल.

तांडेलासाठी नियम सोपा आहे. पाऊस आला की पडदे खाली, पण वारा उठला की पडदे वर. माणसं भिजतील, कुरकुर करतील. भिजू देत. भिजलेला प्रवासी किनाऱ्यावर येऊन भांडतो, एवढंच होतं. 'काय होवचा नाय' हे वाक्य किनाऱ्यावर फार ऐकू येतं, आणि बहुतेक वेळा ते खरंही ठरतं. खोटं ठरतं त्या एका दिवशी मात्र पडदा सुटावा लागतो.

प्रवाशांनीही बसल्या बसल्या चार गोष्टी बघाव्या. जॅकेट घातलं का, शेजारचा पडदा कसा सुटतो, बाहेर पडायची जवळची बाजू कुठली आणि तांडेलाला समोरचं दिसतंय का. पडदा दोरीने बांधलेला असेल तर निघण्याआधीच सोडायला सांगावं. यात लाज कसली?

नवा पडदा जास्त टिकवायचा असेल तर

रोज संध्याकाळी गोड्या पाण्याने मीठ धुवावं. कोरड्या फडक्याने पुसू नये, मिठाचे आणि वाळूचे कण शीटवर ओरखडे काढतात. साधा साबण आणि मऊ सुती कापड पुरेसं आहे. रॉकेल, थिनर, पेट्रोल किंवा काच पुसायचं औषध लावलं तर शीट एका दिवसात चकचकीत दिसते आणि थोड्याच दिवसांत पांढुरकी होते. पर्यटकांच्या हातावरचं सनस्क्रीनही डाग पाडतं, ते त्याच दिवशी धुवावं. पडदा घडी घालून ठेवू नये, गुंडाळावा. ओला गुंडाळू नये. गुंडाळताना मध्ये जुनी सुती साडी घातली की शीट एकमेकांना चिकटत नाही. चेनवर मेणबत्तीचं मेण फिरवलं की ती हलकी चालते.

जुन्या पडद्याचं काय करायचं? तो जाळू नये. पीव्हीसी जळताना ॲसिडचा धूर निघतो, तो फुप्फुसाला घातक आहे. खाडीत तर अजिबात टाकू नये. वायंगणीसारख्या आपल्या किनाऱ्यांवर कासवं अंडी घालायला येतात, मालवणचा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, आणि वाहून गेलेलं प्लॅस्टिक मासेमाराच्याच जाळ्यात परत येतं. धड राहिलेला तुकडा गोठ्याच्या पावसाळी बाजूला, लाकडांच्या ढिगावर किंवा पेंढ्याच्या उडवीवर कामाला येतो. उरलेलं भंगारवाल्याकडे द्यावं.

प्रवासी हंगाम सुरू व्हायला थोडेच दिवस राहिले आहेत. गणपतीची सुट्टी आली की जेटीवर रांगा लागतील आणि मग पडदा शिवायला कुणाला वेळ मिळणार नाही, कारागीरही मिळणार नाही. ज्यांनी अजून माप दिलेलं नाही त्यांनी या आठवड्यात द्यावं. आणि ज्यांचे पडदे आधीच शिवून झाले आहेत त्यांनी होडी पाण्यात लोटण्याआधी घरच्या चार माणसांना आत बसवून, पडदे खाली सोडून, एकदा घड्याळ लावून बघावं.